घरी टेबलावरचा होलोग्राफिक डिस्प्ले बसवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हा डिस्प्ले घरी आला की पहिला तास कौतुकात जातो आणि दुसरा तास ‘चित्र दोन-दोन का दिसतंय’ यात. खालचे बरेच प्रश्न मला ओळखीच्यांनी विचारलेले आहेत. काही मीच मला विचारले होते, रात्री उशिरा, हातात केबल धरून. उदाहरणांसाठी लुकिंग ग्लास या कंपनीचा ७.९ इंची ‘पोर्ट्रेट’ हा संच धरला आहे, कारण त्याचे आकडे मला तोंडपाठ झालेत. तत्त्व मात्र भिंगांचा थर असलेल्या कुठल्याही डिस्प्लेला तसंच लागू पडतं.

हा खरा होलोग्राम आहे का?

काटेकोर बोलायचं तर नाही. होलोग्राफीचा उगम डेनिस गॅबोर यांच्या १९४७ सालच्या कामात आहे. ते निघाले होते इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचं चित्र सुधारायला, आणि वाटेत त्यांना प्रकाशलहरीची तीव्रता आणि कला (म्हणजे लहर चढउताराच्या कुठल्या टप्प्यावर आहे ते) दोन्ही एकत्र नोंदवण्याची युक्ती सापडली. तेव्हा तिला साजेसा प्रकाशच उपलब्ध नव्हता. १९६० साली लेझर आला आणि मग ती युक्ती खऱ्या अर्थाने कामाला लागली. गॅबोरना नोबेल मिळालं १९७१ साली. खऱ्या होलोग्राममध्ये फिल्मवर व्यतिकरणाची, म्हणजे लहरी एकमेकींत मिसळून उमटणारी, अतिसूक्ष्म नक्षी असते आणि तिच्यावर प्रकाश पडला की मूळ वस्तूवरून आलेली लहर पुन्हा उभी राहते.

टेबलावरच्या डिस्प्लेत यातलं काहीच नाही. त्याचं कूळ वेगळं आहे. १९०८ साली गॅब्रिएल लिपमन यांनी ‘इंटिग्रल फोटोग्राफी’ मांडली: माशीच्या डोळ्यासारखी बारीक भिंगं ओळीने बसवायची आणि प्रत्येक दिशेला त्या-त्या दिशेचं चित्र पाठवायचं. तुमच्या टेबलावर आहे तो त्या कल्पनेचा पणतू.

आणि रंगमंचावर एखादी व्यक्ती ‘होलोग्राम’ होऊन अवतरते ना, तो बहुतेक वेळा तिरक्या पारदर्शक पडद्यावरच्या परावर्तनाचा खेळ असतो. जॉन हेन्री पेपर यांनी लंडनच्या रॉयल पॉलिटेक्निकमध्ये तो १८६२ साली दाखवला होता. म्हणजे एकाच नावाखाली तीन घराणी नांदतात. मी नावावरून भांडत नाही; पण इंटरनेटवर मदत शोधताना आपण कुठल्या घराण्याचे हे माहीत नसेल तर सल्ले भलतेच मिळतात.

मग आत नक्की असतं काय?

लहानपणी कंपासपेटीत एक पट्टी असायची, हलवली की तिच्यावरचं चित्र बदलायचं. वर बारीक उभ्या रेघा, नखाने खरवडलं की कर्रकर्र आवाज. तेच तंत्र इथे आहे, फक्त छापील कागदाच्या जागी एलसीडी पडदा आला आणि भिंगांच्या रेघा किंचित तिरक्या झाल्या.

पडद्यावरचा प्रत्येक पिक्सेल लाल, हिरवा, निळा अशा तीन सबपिक्सेलचा असतो. समोरच्या भिंगामुळे प्रत्येक सबपिक्सेलचा प्रकाश एका ठरावीक दिशेलाच जातो. टपाल कार्यालयात पत्रं गावानुसार खणांत टाकतात तसं. या सबपिक्सेलने डावीकडून दिसणारं दृश्य सांभाळायचं, त्याच्या शेजारच्याने जरा उजवीकडचं, असं सगळं वाटप आधीच ठरलेलं. तुमचा डावा डोळा एका खणातली पत्रं वाचतो, उजवा दुसऱ्या खणातली, आणि मेंदू दोन्ही जुळवून खोली, म्हणजे जवळ-लांबचा भास, उभी करतो.

हे एकदा डोक्यात बसलं की पुढचे निम्मे प्रश्न आपोआप सुटतात. संगणक आणि काच यांच्या मधे कोणीही त्या वाटपात ढवळाढवळ केली, म्हणजे चित्र जरा ताणलं, जरा दाबलं, जरा गुळगुळीत केलं, की सगळी पत्रं चुकीच्या घरी जातात.

चित्र साध्या मॉनिटरइतकं स्पष्ट का नाही? पैसे वाया गेले का?

हिशेब करून बघा. पडदा १५३६ × २०४८ पिक्सेलचा. एकूण झाले ३१ लाख ४५ हजार ७२८. ते ४८ दृश्यांत, म्हणजे ४८ वेगवेगळ्या दिशांच्या चित्रांत, वाटले की एका दृश्याच्या वाट्याला येतात ६५,५३६ पिक्सेल, म्हणजे बरोबर २५६ × २५६. शेजारशेजारची दृश्यं एकमेकांत थोडी मिसळतात आणि डोळे दोन असतात, त्यामुळे प्रत्यक्षात याहून बरं दिसतं. पण हाताशी भांडवल एवढंच. बारीक अक्षरं, केसांच्या बटा, दूरवरच्या इमारतींच्या खिडक्या यांच्यासाठी हा डिस्प्ले नाही. एखादं शिल्प, शिंपला, चेहरा, यंत्राचा सुटा भाग यांच्यासाठी आहे.

चष्मा किंवा गॉगल लागतो का?

नाही. तुमचा नेहमीचा चष्मा असेल तर तो घाला, एवढंच. ज्यांना दोन डोळ्यांच्या चित्रांतून खोली जाणवत नाही अशा माणसांनाही इथे काहीतरी मिळतं, कारण मान हलवली की जवळची वस्तू दूरच्या वस्तूवरून सरकते आणि तेवढ्यानेही खोलीचा अंदाज येतो. थ्रीडी चष्म्याने हे जमत नाही.

एका वेळी किती जण बघू शकतात?

ते जातीवर अवलंबून आहे. सोनीचा २०२० साली आलेला १५.६ इंची स्पेशियल रिअ‍ॅलिटी डिस्प्ले कॅमेऱ्याने तुमच्या डोळ्यांचा माग काढतो आणि फक्त त्या दोन डोळ्यांसाठी चित्र बनवतो. त्यामुळे तो खूप सुस्पष्ट, पण एकट्याचाच. आपण बोलतोय तो प्रकार सगळ्या दिशांना एकाच वेळी दृश्यं पाठवतो, म्हणून तो अनेकांचा, आणि म्हणूनच जरा धूसर. दोन्ही एकत्र मिळत नाहीत.

अनेकांचा म्हटलं तरी मर्यादा आहे. पोर्ट्रेटची दृश्यकक्षा सुमारे ५८ अंशांची. म्हणजे ६० सेंटिमीटरवर बसलात तर चांगलं दिसणारा पट्टा जेमतेम ६६ सेंटिमीटर रुंद. दोघं खांद्याला खांदा लावून बसले की संपला. मागे सरकून एक मीटरवर बसा, तोच पट्टा ११० सेंटिमीटर होतो आणि तिघांची सोय होते. पाहुण्यांना दाखवताना सगळे पुढे वाकतात. त्यांना मागे ओढा.

घरच्या संगणकावर चालेल का?

काय दाखवायचंय यावर आहे. तयार फोटो आणि छोटे व्हिडिओ गेल्या काही वर्षांतला बहुतेक कुठलाही संगणक दाखवतो. जिवंत थ्रीडी दृश्य हवं असेल, म्हणजे माऊसने फिरवता येणारं मॉडेल किंवा खेळ, तर ग्राफिक्स कार्डाला दर फ्रेमला एकाऐवजी ४८ चित्रं काढावी लागतात. प्रत्येक लहान असतं हे खरं, पण दृश्याची मांडामांड ४८ वेळा करावी लागतेच. वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर सुख आहे. नसेल तर मॉडेल हलकं करा, सावल्या बंद करा, दृश्यांची संख्या कमी करून बघा.

यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे संगणकाला दुसऱ्या पडद्यासाठी खरोखरचं व्हिडिओ आउटपुट हवं. लॅपटॉपला एचडीएमआय असेल तर प्रश्न मिटला. फक्त यूएसबी-सी असेल तर त्या पोर्टातून डिस्प्लेपोर्टचा सिग्नल बाहेर पडतो का, हे लॅपटॉपच्या माहितीपत्रकात तपासा. सगळ्याच यूएसबी-सी पोर्टांना ते येत नाही, आणि दिसायला सगळी सारखीच.

संगणकाशिवाय चालतो का?

पोर्ट्रेटच्या पोटात रास्पबेरी पाय नावाचा चिमुकला संगणक बसवलेला आहे, त्यामुळे एकदा चित्रं भरून ठेवली की तो नुसत्या विजेवर, फोटोफ्रेमसारखा चालतो. सगळ्याच डिस्प्लेंत ही सोय नसते. पण बसवताना आणि नवीन चित्रं भरताना संगणक लागतोच.

ठेवायचा कुठे?

इथे लोक सगळ्यात कमी विचार करतात आणि परिणाम सगळ्यात जास्त इथेच दिसतो.

समोर खिडकी नको. भिंगांच्या थरावर समोरचा उजेड पडला की काळा रंग राखाडी होतो, आणि काळा गेला की खोली गेली. चित्र काचेला चिकटल्यासारखं वाटायला लागतं. खिडकी बाजूला असली तर चालते. डोक्यावरचा दिवा काचेत दिसत असेल तर डिस्प्ले हातभर सरकवा, बहुधा तेवढ्यात भागतं. मिट्ट काळोखाची गरज नाही. मला संध्याकाळचा मंद उजेड सगळ्यात मानवला: आजूबाजूचं दिसतं, टेबल दिसतं, आणि त्यावर ठेवलेल्या चौकटीत काहीतरी खरंच ठेवलंय असं वाटतं.

उंची सांभाळा. यातली दृश्यं फक्त डावी-उजवीकडे बदलतात. खाली वाकून वस्तूचा तळ बघायला गेलात तर काही बदलत नाही, उलट चित्र जरा तिरपागडं वाटतं. म्हणून पडद्याचा मध्य साधारण डोळ्यांच्या रेषेत यावा. टेबल बुटकं असेल तर खाली एखादी जाड वही सारा किंवा संच किंचित मागे कलता ठेवा.

आणि डोकं आडवं टेकून, लोळत बघू नका. दोन्ही डोळे एकाखाली एक आले की दोघांना एकच दृश्य मिळतं आणि खोली सपाट होते. हे तीन दिवस माझ्या लक्षात आलं नव्हतं. डिस्प्ले पलंगाशेजारी ठेवला होता.

आधी कुठली केबल लावायची?

क्रमाने फार फरक पडत नाही, पण दोन्ही लावा. एचडीएमआयमधून चित्र जातं. यूएसबीची केबल फक्त विजेसाठी आहे असं समजून लोक ती मोबाइलच्या चार्जरला लावतात. पडदा उजळतो, चित्रही येतं, आणि ते साफ फाटलेलं असतं. कारण त्याच यूएसबीतून संगणक संचाचं कॅलिब्रेशन वाचतो. ती संगणकालाच लावायची, आणि केबल डेटा वाहणारी हवी. फक्त चार्जिंगच्या केबली बाहेरून ओळखू येत नाहीत. शंका आली की संचासोबत आलेलीच वापरा.

हे कॅलिब्रेशन काय प्रकरण आहे? आपण हाताने करावं का?

भिंगांचा थर पडद्यावर चिकटवताना तो केसाच्या रुंदीइतका जरी सरकला तरी वाटप बदलतं, आणि कारखान्यात असं थोडंफार होणारच. म्हणून प्रत्येक संच तयार झाल्यावर त्याची स्वतंत्र मोजणी होते. भिंगं किती अंतराने आहेत, किती तिरकी आहेत, मध्यबिंदू कुठे पडतो, असे काही आकडे निघतात. ते संचातच साठवलेले असतात. दोन जुळ्या संचांचे आकडेसुद्धा वेगळे असतात. मित्राच्या संचाची फाइल तुमच्याकडे चालणार नाही.

हाताने बदलू नका. चित्र बिघडलं की पहिला हात तिकडे जातो, हे मला अनुभवाने माहीत आहे, पण शंभरातल्या नव्याण्णव वेळा दोष दुसरीकडेच असतो. कॅलिब्रेशनची फाइल वेगळी काढता येत असेल तर पहिल्याच दिवशी तिची एक प्रत सुरक्षित ठेवून द्या. नंतर आठवण होते तेव्हा उशीर झालेला असतो.

संगणकात कुठल्या सेटिंग बदलायच्या?

पडदा ‘एक्स्टेंड’वर ठेवा, ‘डुप्लिकेट’वर नाही. आरसा केलात की दुसऱ्या मॉनिटरचं रिझोल्यूशन इकडे लादलं जातं. रिझोल्यूशन संचाचं मूळचंच हवं. विंडोजमध्ये स्केल १०० टक्के. लॅपटॉपचा पडदा बारीक असला की विंडोज स्वतःहून १२५ किंवा १५० टक्के करतं, आणि तेच नव्या पडद्यालाही लावून मोकळं होतं. पडदा उभा आहे म्हणून ‘रोटेट’ करायचा मोह होतो. तो आवरा. संच आपली मूळ लांबी-रुंदी संगणकाला सांगतो, तिला हात लावू नका.

यानंतर ग्राफिक्स ड्रायव्हरच्या खिडकीत जा. रंगाचा प्रकार आरजीबी आणि पूर्ण पल्ल्याचा, म्हणजे ‘फुल’, असू दे. काही संगणक एचडीएमआयवर टीव्ही जोडलाय असं समजून रंगाची माहिती दाबून पाठवतात: चमक प्रत्येक पिक्सेलची, पण रंग दोन-चार पिक्सेलांना मिळून एक. टीव्हीवर सिनेमा बघताना हे कळतही नाही. इथे मात्र लाल, हिरवा आणि निळा हे तिघं तीन वेगवेगळ्या दृश्यांचे निरोपे आहेत; त्यांची सरासरी काढली की तिन्ही निरोप बिघडले. एचडीआर, शार्पनेस वाढवणारे पर्याय, ओव्हरस्कॅन, सगळं बंद. रात्री पडदा पिवळसर करणारी सोय चालू राहिली तर रंग बदलतील, पण खोली मोडणार नाही.

सगळं केलं, तरी चित्र दोन-दोन दिसतं किंवा तिरके पट्टे येतात.

आधी जागेवरून हला. डोकं हळूहळू डावीकडून उजवीकडे न्या. मधे सलग चांगलं दिसून फक्त टोकाला एकदम उडी मारत असेल तर ते बिघाड नव्हेच. दृश्यकक्षा तिथे संपते आणि पहिलं दृश्य पुन्हा सुरू होतं. त्या सांध्यावर डाव्या डोळ्याला शेवटचं आणि उजव्याला पहिलं दृश्य मिळतं, म्हणून डोळ्यांत कचकच होते.

कुठूनही बघितलं तरी पट्टे दिसत असतील तर संशयितांचा क्रम माझ्याकडे असा आहे: यूएसबी संगणकाला नाही, स्केल १०० नाही, डुप्लिकेट चालू आहे, सॉफ्टवेअरची खिडकी पूर्ण पडदाभर नाही, मधे अडॅप्टर आहे. शेवटच्याने माझा एक अख्खा रविवार खाल्ला. लॅपटॉपला एक यूएसबीचा डबा लावून त्यातून एचडीएमआय काढली होती. साधा मॉनिटर त्यावर उत्तम चालायचा. इथे मात्र चित्र सतत जरासं पाण्यात बुडाल्यासारखं. मी ड्रायव्हर पुन्हा घातले, केबल बदलली, कॅलिब्रेशनवर संशय घेतला. तो डबा चित्र दाबून यूएसबीतून पाठवत होता आणि पलीकडे पुन्हा उलगडत होता. थेट पोर्टात केबल लावली आणि चित्र लख्ख. अशा डब्यांचा दोष नाही. ते ज्या कामासाठी बनवले ते हे काम नव्हे.

आणखी एक: नाक आत गेलंय आणि कान पुढे आलेत असं दिसत असेल तर दृश्यांचा क्रम उलटा लागलाय. चित्र आडवं उलटवू नका, क्रम उलटवा.

कुठलं सॉफ्टवेअर घालायचं?

लुकिंग ग्लाससाठी ‘ब्रिज’ नावाचा कार्यक्रम पार्श्वभूमीला चालतो. तो कॅलिब्रेशन वाचतो आणि इतर सॉफ्टवेअरची चित्रं त्या हिशेबाने विणून पडद्यावर टाकतो. फोटो-व्हिडिओंसाठी ‘स्टुडिओ’ आहे. ब्लेंडर, युनिटी आणि अनरियल या थ्रीडी बनवायच्या सॉफ्टवेअरसाठी जोडण्या मिळतात, आणि ब्राउझरमधूनही दृश्य पाठवता येतं. आधी ब्रिज घाला, मग संच जोडा, आणि सोबत मिळणारं नमुना चित्र नीट दिसेपर्यंत स्वतःचं काही लावू नका. तो नमुना म्हणजे तुमचा काटा. पुढे काही बिघडलं तर दोष संचात आहे की तुमच्या चित्रात, हे त्यावरूनच कळतं.

फोनमधले जुने फोटो टाकता येतील का?

येतील, आणि बहुतेक घरांत सुरुवात तिथूनच होते. काही फोन पोर्ट्रेट मोडमध्ये फोटोसोबत खोलीचा नकाशाही साठवतात: जवळचं पांढरं, लांबचं काळं, मधलं राखाडी. जुन्या फोटोंसाठी हा नकाशा अंदाजाने काढणारी सॉफ्टवेअर आहेत, आणि ती आश्चर्य वाटावं इतकी चांगली झाली आहेत.

पण एक गोष्ट कुणीच करू शकत नाही: कॅमेऱ्याला जे दिसलंच नाही ते दाखवणं. मान उजवीकडे नेली की चेहऱ्यामागचा भाग उघडा पडायला हवा, आणि त्याची माहिती फोटोत नसते. सॉफ्टवेअर शेजारचे रंग ओढून ती जागा बुजवतं, म्हणून कडा रबरासारख्या ताणलेल्या दिसतात. उपाय: खोली कमी ठेवा. सरकपट्टी शेवटपर्यंत ओढायचा मोह पहिल्या दिवशी सगळ्यांना होतो. निम्म्यावर आणलात की चेहरा चेहऱ्यासारखा दिसतो. निवडताना साधी पार्श्वभूमी आणि एकच व्यक्ती असलेले फोटो घ्या. जाळी, झाडांच्या फांद्या, काचेचे पेले यांनी नकाशा हमखास फसतो.

एका ओळखीच्या काकूंनी त्यांच्या वडिलांचा कृष्णधवल फोटो आणला होता. खोली अगदी थोडी दिली. त्या बराच वेळ नुसती मान हलवत बसल्या होत्या.

‘क्विल्ट’ म्हणजे काय?

गोधडी! शब्द अगदी चपखल आहे. ४८ दृश्यं आठ स्तंभ आणि सहा ओळींत एकाला एक जोडून केलेलं मोठं चित्र. पोर्ट्रेटसाठी ते ३३६० × ३३६० पिक्सेलचं असतं, म्हणजे एकेक ठिगळ ४२० × ५६०चं. सुरुवात डाव्या खालच्या कोपऱ्यातून: तिथे सगळ्यात डावीकडून दिसणारं दृश्य. शेवट उजव्या वरच्या कोपऱ्यात. वरून खाली भरायची सवय असल्याने इथे पहिल्यांदा प्रत्येक जण चुकतो.

साठवायची ती गोधडीच. कुठल्या संचावर दाखवायची हे तिला माहीत नसतं, विणकाम शेवटच्या क्षणी होतं. विणून झालेलं चित्र स्क्रीनशॉट घेऊन ठेवलं तर ते फक्त त्याच संचाचं राहतं, आणि जेपेगमध्ये ठेवलं तर त्याचंही राहत नाही.

स्वतःचं थ्रीडी मॉडेल दाखवायचंय. काय काळजी घ्यावी?

सगळ्यात आधी काचेची पातळी ओळखा. जी गोष्ट नेमकी त्या पातळीवर असते ती सगळ्या दृश्यांत एकाच जागी पडते, म्हणून ती सगळ्यात स्वच्छ दिसते. पुढे किंवा मागे गेलं की प्रत्येक दृश्यात ती थोडी सरकते. किती? ५८ अंश ४८ दृश्यांत वाटले तर दोन दृश्यांत अंतर सुमारे १.२ अंश. काचेमागे पाच सेंटिमीटरवरचा बिंदू दर दृश्यागणिक जवळजवळ एक मिलिमीटर सरकतो. आणि या पडद्यावर एका दृश्याचा ‘ठिपका’ असतो साधारण अर्धा मिलिमीटर. म्हणजे पाच सेंटिमीटर खोलीवर आपण दोन-दोन ठिपक्यांच्या उड्या मारायला लागलो. डोळ्याला त्या उड्या धूसरपणासारख्या दिसतात.

पडदा स्वतः जेमतेम १२ × १६ सेंटिमीटरचा. तेव्हा बंगल्याचं मॉडेल डोंगरासकट ठेवण्यापेक्षा मुठीत मावेल असं काही घ्या. महत्त्वाचा भाग, चेहरा असेल तर डोळे, काचेच्या पातळीवर आणा. नाकाचा शेंडा पुढे, कान मागे. पार्श्वभूमी लांबची हवीच असेल तर ती मुळातच मऊ, रेघा नसलेली ठेवा. धूसर गोष्ट धूसर झाली तर कुणाला कळत नाही. पडद्याच्या कडेला तुटणारी वस्तू काचेच्या पुढे आणू नका. चौकट म्हणते ‘ही वस्तू माझ्यामागे आहे’, डोळे म्हणतात ‘पुढे आहे’, आणि मेंदू वैतागतो.

पांढऱ्यावर काळं किंवा काळ्यावर पांढरं अशा तीव्र कडाही टाळा, कारण शेजारच्या दृश्याची फिकट सावली तिथेच उठून दिसते. मधल्या छटांची पार्श्वभूमी सगळं पोटात घेते.

कॅमेरे स्वतः मांडत असाल तर ते एका सरळ रेषेत, सगळे एकाच दिशेला तोंड करून ठेवा आणि प्रत्येक चित्राची चौकट बाजूला सरकवा. प्रत्येक कॅमेरा वस्तूकडे वळवून ठेवलात तर कडेच्या चित्रांत वस्तू एका बाजूला उंच, दुसऱ्या बाजूला बुटकी होते आणि डोळ्यांना दोन चित्रांच्या उंची जुळवत बसावं लागतं. ब्लेंडरची तयार जोडणी हे स्वतः सांभाळते.

खऱ्या वस्तूचं असं चित्रण घरी करता येतं?

येतं, आणि माझ्या मते या छंदातली सगळ्यात मजेची गोष्ट हीच. खोलीच्या नकाशावर काढलेल्या चित्रात काच, पाणी, चकाकणारा धातू कधीच खरा वाटत नाही. खरी दृश्यं टिपलीत तर पितळेच्या भांड्यावरची चमक मान हलवताच सरकते आणि बघणारा दचकतो.

सरळ रूळ हवा, ज्यावर कॅमेरा गुळगुळीत सरकेल. वस्तू एक मीटरवर असेल आणि ४० अंशांची व्याप्ती हवी असेल तर कॅमेऱ्याला सुमारे ७३ सेंटिमीटर सरकावं लागतं. ४८ फोटो घ्यायचे तर दर दीड सेंटिमीटरला एक. एकेक फोटो घेण्यापेक्षा सरकवता सरकवता व्हिडिओ काढून त्यातून फ्रेम वेचणं सोपं. फोकस, एक्सपोजर आणि व्हाइट बॅलन्स तिन्ही कुलूपबंद करा. कॅमेरा वळवायचा नाही, नुसता सरकवायचा. वस्तू चौकटीच्या एका कडेकडून दुसऱ्या कडेकडे जाईल, ती नंतर प्रत्येक चित्र सरकवून मध्यावर आणायची. वस्तू जराही हलता कामा नये. माणसाचं चित्रण करताना म्हणूनच पंचाईत होते. पापणी लवली की तेवढ्याच एका दिशेने बघणाऱ्याला ती मिटलेली दिसते.

डोळे दुखतात. सवय होईल का?

थोडीफार होते. मूळ कारण असं की डोळे खोलीनुसार आत-बाहेर वळतात, पण नजरेचा फोकस मात्र काचेवरच ठेवावा लागतो. रोजच्या जगात ही दोन्ही कामं जोडीने होतात, इथे ती सुटतात. खोली कमी केली की ताण कमी होतो. तरीही डोकं दुखत असेल तर ताणू नका, उठा. दोन चित्रं कधीच एक होत नसतील तर डोळे तपासून घ्या. डिस्प्लेमुळे काही बिघडलेलं नसतं, पण आधीपासून असलेला फरक इथे लक्षात येतो.

कामासाठी दुसरा मॉनिटर म्हणून वापरता येईल का?

नाही. डेस्कटॉपची खिडकी चुकून तिकडे गेली तर अक्षरं इंद्रधनुषी चुऱ्यासारखी दिसतात. ती परत ओढून आणा आणि विसरा.

फोनवर ठेवायचा प्लास्टिकचा पिरॅमिड किंवा फिरता एलईडी पंखा घेतला तर?

दोन्ही करमणुकीचे आहेत. पिरॅमिड म्हणजे पेपरसाहेबांचीच तिरकी काच, चारदा लावलेली. प्रत्येक बाजूला सपाटच चित्र तरंगतं. पंखा वेगाने फिरणाऱ्या दिव्यांनी हवेत चित्र काढतो, तेही सपाट, फक्त मागचं आरपार दिसतं. दुकानाच्या दारात शोभतो. घरात लहान मुलं असतील तर उघड्या पात्यांचा पंखा नकोच.

दुसऱ्यांना फोनवरून दाखवू कसा?

एका फोटोत काहीच कळत नाही, कारण कॅमेऱ्याला एकच डोळा. व्हिडिओ काढा आणि फोन सावकाश डावीकडून उजवीकडे न्या. पडद्याची चौकट आणि शेजारी एखादी खरी वस्तू फ्रेममध्ये असू द्या, म्हणजे सरकण्याची तुलना होते. फोन काचेच्या फार जवळ नेलात तर रंगीत पट्टे येतात. हातभर लांब राहा.

जुना संच कोणी देत असेल तर घ्यावा का?

चालू करून, यूएसबी संगणकाला लावून, नमुना चित्र डोळ्यांनी बघितल्याशिवाय नाही. पडद्यावर ओरखडा असेल तर एक वेळ चालेल, पण संच कॅलिब्रेशनचे आकडे देत नसेल तर नको. त्या पिढीच्या संचाला आजचं सॉफ्टवेअर ओळखतं का, तेही बघा.

पुसायचा कसा?

बंद करून, कोरड्या मायक्रोफायबर फडक्याने. बोटांचे ठसे हमखास उठतात, कारण नवा बघणारा प्रत्येक जण आतली वस्तू धरायला जातो. ठसा निघत नसेल तर फडकं किंचित ओलसर करा. फवारा थेट काचेवर मारू नका, कडेतून पाणी आत उतरतं. मागच्या बाजूची हवेची भोकं मोकळी ठेवा.